मैदानाची किल्ली

खेळाच्या मैदानावर सर्व समान असतात, असे आपण मुलांना नेहमी सांगत असतो. चेंडू जात विचारीत नाही, यष्टी धर्म ओळखत नाही, ही वाक्ये बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावरून आम्हीही अनेकदा उच्चारली आहेत. ती खोटी नाहीत. पण सामना सुरू झाल्यानंतरच ती खरी ठरतात. सामना केव्हा व कोठे खेळावयाचा, पंच कोण, कप्तान कोण, जमलेल्या पैशांचा हिशेब कोणाच्या वहीत लिहावयाचा, हे सारे पहिला चेंडू पडण्यापूर्वीच ठरलेले असते. ते कोण ठरवितो, हा प्रश्न मात्र आम्ही व्यासपीठावरून कधी विचारला नव्हता. तो आम्हाला पनवेल परिसरातील काही तरुणांनी विचारला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामाच्या मैदानावर दरवर्षी नाताळनंतर टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने होत. आमच्या युवक मंडळाचे दोन संघ, जवळच्या दोन आगरी-कोळी गावांचे संघ, मोहल्ल्यातील एक, वसाहतींमधील नोकरदारांच्या मुलांचे दोन आणि डोंगराच्या पायथ्याच्या ठाकर वाडीतील एक, असे आठ संघ उतरत. प्रवेश-फी सर्वांकडून सारखी घेतली जाई. एक वर्षी सामन्यांच्या महिनाभर आधी तीन संघांचे कप्तान आमच्या कार्यालयात आले. वाडीतील मुलगा सर्वांत लहान. पण बोलला तोच. ‘‘फादर, आम्ही खेळायला येतो. ठरवायला आम्हाला कोणी बोलावत नाही.’’

आमच्या क्रीडा समितीचे चिटणीस तेथेच बसले होते. सज्जन गृहस्थ, मैदानासाठी त्यांनी वीस वर्षे घाम गाळलेला. ते शांतपणे म्हणाले, ‘‘मैदान आपलं, किल्ली आपली. मग निर्णय दुसऱ्याचा कसा?’’

दोघांचेही म्हणणे आम्हाला तत्क्षणी पटले आणि म्हणूनच उत्तर सुचले नाही. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. सेमिनरीत इतिहासाची गोडी लागली ती अद्याप सुटलेली नाही. अडचण आली की जुनी पाने चाळावयाची, ही आमची सवय. त्या आठ दिवसांत आम्ही खाडीपलीकडच्या मुंबईतील क्रिकेटचा इतिहास पुन्हा वाचला. मैदान कोणाचे, कप्तान कोण आणि वाटा किती, हे तिन्ही प्रश्न तेथे शंभर वर्षांपूर्वीच विचारले गेले होते. त्यांची उत्तरे काय मिळाली, हे वाचकांपुढे ठेवावे, यासाठी हा लेख.

घोडे आणि चेंडू

मुंबईत क्रिकेट आणले इंग्रजांनी. एतद्देशीयांत ते प्रथम मनावर घेतले पारशांनी. १८४८ साली पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. मागोमाग हिंदू व मुसलमान तरुणही किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर चेंडूफळी घेऊन उतरू लागले. १८७५ मध्ये युरोपियनांनी बॉम्बे जिमखाना ही संस्था काढली. तिच्या सभासदांना क्रिकेटसाठी राखीव हिरवळ होती आणि तेथे एतद्देशीयांना प्रवेश नव्हता. परंतु तेवढ्याने भागेना. त्यांच्यापैकी काहींना पोलोचा शौक होता, आणि पोलोचे घोडे उधळावयाचे ते मात्र बाकीच्या मुलांच्या मैदानावर. खुरांनी उकरलेल्या जमिनीवर चेंडू कसा उसळेल याचा नेम उरला नाही.

१८८१ मध्ये शेकडो खेळाडूंच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. त्यांनी बॉम्बे जिमखान्याचे सभासदत्व मागितले नव्हते, गोऱ्यांबरोबर खेळण्याचा हक्कही मागितला नव्हता. आम्ही खेळतो ती जमीन खेळण्याजोगी राहू द्या, इतकीच त्यांची विनंती होती. हुकूम एकदा त्यांच्या बाजूने निघाला. पुढे पोलोवाल्यांचे वजन पडले आणि तो फिरला. पुन्हा अर्ज, पुन्हा वृत्तपत्रांतून पत्रे, असे हे प्रकरण दोन-तीन वर्षे चालले. या लढ्यात पुढाकार घेणारे शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, तेव्हा या झगड्याची साद्यंत हकीकत त्यात नोंदविली. भारतीयांनी लिहिलेल्या क्रिकेटच्या पहिल्या इतिहासांपैकी हे एक पुस्तक, आणि त्याचा मोठा भाग धावांनी नव्हे, तर अर्जांनी भरलेला आहे, ही गोष्ट बोलकी आहे.

सरकारने शेवटी तोडगा काढला तो वाटणीचा. समुद्राकाठी, आजच्या मरीन ड्राइव्हच्या बाजूस, १८८७ मध्ये पारशी जिमखान्यासाठी जागा देण्यात आली. पुढे १८९० च्या दशकात मुसलमानांच्या व हिंदूंच्या जिमखान्यांना तशाच जागा मिळाल्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅथलिकांचाही जिमखाना निघाला. ज्याला त्याला आपले मैदान आणि आपली किल्ली मिळाली. तंटा मिटला. मात्र एकच मैदान सर्वांनी मिळून कसे सांभाळावे, हा प्रश्न सुटला नाही. तो केवळ टळला. कुंपणे घालून घेतलेली शांतता आणि एकत्र बसून केलेला समझोता यांतील भेद तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नसावा.

संघात जागा, पंगतीत नाही

वाटणीने कुंपणाबाहेरचा प्रश्न मिटला, पण कुंपणाच्या आत कोण मोठा व कोण धाकटा हा प्रश्न उभाच होता. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळू जन्मले १८७६ च्या सुमारास, धारवाडला. घराणे कोकणातील, जातीने चर्मकार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करण्याच्या नोकरीवर असताना सरावासाठी त्यांना गोलंदाजी करावी लागे. त्यातून हा माणूस डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून तयार झाला. पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांवर विजय हवा होता, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. चहाच्या वेळी मात्र इतरांना मंडपात चिनीमातीच्या कपांत चहा मिळे आणि बाळूंना तो मंडपाबाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

पुढे ते मुंबईस आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, तेव्हा संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून शंभरावर बळी घेतले. तोवर गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही मैदानात आले होते. एका घरातील चौघांच्या खांद्यावर हिंदू संघ उभा होता, असे म्हणणे फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

असे असूनही कप्तानपद बाळूंना मिळाले नाही. १९१३ मध्ये ते मिळाले म. दा. पै यांना. पैंचा मोठेपणा असा की, आपल्या सत्काराच्या सभेतच त्यांनी सांगितले, हा मान ज्येष्ठ व अधिक अनुभवी बाळूंचा होता. सभेने टाळ्या वाजविल्या असतील. निर्णय बदलला नाही. १९२० मध्ये कडेलोट झाला. पै आजारी पडले, बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नेतृत्व प्रा. दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर हे थोर फलंदाज, यात शंका नाही. पण ज्येष्ठतेने शिवराम व विठ्ठल त्यांच्या पुढे होते. दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. जातीमुळे आपल्याला डावलले जात आहे, हे त्यांनी लपवून ठेवले नाही.

वृत्तपत्रांतून वादळ उठले. अखेर समेट झाला: अंतिम सामन्यात पै कप्तान, बाळू उपकप्तान, भाऊ पुन्हा संघात. सामना चालू असताना पै मैदान सोडून गेले, आणि काही काळ का होईना, क्षेत्ररचना ठरविणारा हात बाळूंचा झाला. आम्हाला या प्रसंगाचे नेहमी अप्रूप वाटते. ज्याच्या हाती सत्ता आहे तो माणूस काही काळ बाजूला झाला, तेवढ्याने जे घडले ते सात वर्षांच्या भाषणांनी घडले नव्हते. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी स्पर्धा जिंकली. विठ्ठलरावांनी पुढे आपले क्रीडाजीवन मराठीत लिहून ठेवले आहे. आपल्या ग्रंथालयांनी ते शोधून ठेवण्याजोगे आहे.

यातून निघणारा बोध साधा आहे. संघात घेणे ही एक गोष्ट, आणि अधिकारात वाटा देणे ही दुसरी. पहिलीत आपल्याला त्याचे कौशल्य हवे असते. दुसरीत त्याचे मत मानावे लागते. पहिली गोष्ट केली की दुसरीही झाली, असे आपण फार लवकर समजून चालतो.

‘इतर’ नावाचा संघ

आता आपल्याशी अधिक जवळून संबंध असलेला भाग. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने नियमित होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू आले व सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान आले व चौरंगी झाले. वेगवेगळ्या जिमखान्यांनी मिळून एक स्पर्धा चालवावयाची, खर्च व उत्पन्न यांचा मेळ घालावयाचा, असा हा कारभार होता. परस्परांवर विश्वास नसताना इतकी वर्षे तो टिकला, हेही श्रेय लहान नव्हे. मुंबईकर त्या सामन्यांची दिवाळीसारखी वाट पाहत.

परंतु या चार रंगांत न बसणाऱ्यांचे काय? देशी ख्रिस्ती होते, अँग्लो-इंडियन होते, ज्यू होते. १९३७ मध्ये त्यांच्यासाठी पाचवा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. या संघाला नाव मिळाले ते ‘रेस्ट’, म्हणजे ‘इतर’. बाकीच्या चौघांना नाव होते. उरलेल्यांची केवळ बेरीज होती. आमच्या पनवेलमध्ये बेने इस्राएली ज्यूंचे ‘बेथ एल’ सभास्थान १८४९ पासून उभे आहे. त्या सभास्थानात शनिवारी जाणारा आणि चर्चमध्ये रविवारी जाणारा, असे दोन पनवेलकर त्या काळी पंचरंगीपर्यंत पोहोचले असते, तर एकाच ‘इतर’ संघात शेजारी-शेजारी उभे राहिले असते. ही आपली पूर्वपीठिका आपण विसरता कामा नये.

सत्तेची वाटणी समाजवार झाली की मापे कशी काढली जातात, हेही त्याच वर्षी दिसले. सामने नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवर भरावयाचे होते. कोणत्या जिमखान्याला किती आसने, यावरून वाद झाला आणि हिंदू जिमखान्याने त्या वर्षी संघच उतरविला नाही. पाचव्या भावाला पंगतीत घेतले त्याच दिवशी पाटांवरून भांडण झाले.

‘इतर’ संघाला स्पर्धा कधीही जिंकता आली नाही. परंतु त्या स्पर्धेतील बहुधा सर्वांत संस्मरणीय खेळी त्याच संघाच्या नावावर आहे. विजय हजारे हे १९१५ साली सांगलीत जन्मलेले मराठी ख्रिस्ती, शिक्षकाचे चिरंजीव. १९४३ च्या मोसमात त्यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा काढून स्पर्धेतील सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम केला. अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंटनी नाबाद २५० धावा काढून तो मोडला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘इतर’ पहिल्या डावात १३३ वर गारद झाले. दुसऱ्या डावातही पडझड झाली. मग विजय यांच्या जोडीला त्यांचे धाकटे बंधू विवेक आले. त्या दोघांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी केली. त्या तीनशेत विवेक यांच्या धावा होत्या २१.

संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. सामना एक डाव व ६१ धावांनी गेलाच. पण आम्हाला या ठिकाणी थोरल्याइतकेच धाकट्याचे कौतुक वाटते. तासन्‌तास एक टोक धरून उभे राहणे, धावा दुसऱ्याच्या नावावर लागत असताना आपली यष्टी सांभाळणे, यालाही क्रिकेट ‘भागीदारी’च म्हणते आणि धावफलकावर तीनशेचा आकडा दोघांच्याही नावे लिहिते. भागीदारी म्हणजे निम्म्या-निम्म्या धावा नव्हेत. पण खेळपट्टीवर उभे राहण्याचा हक्क दोघांनाही असला पाहिजे. तंबूत बसून भागीदारी होत नाही.

या सामन्यांविरुद्धचा आवाज तोवर वाढला होता. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची माणसे वर्ध्यास जाऊन गांधीजींना भेटली. खेळात धर्माधर्मांचे संघ कशासाठी, महाविद्यालयांचे वा संस्थांचे संघ असले तर समजू शकते, असा त्यांचा अभिप्राय पडला, आणि जिमखान्याने त्या वर्षी माघार घेतली. पुढे सामने पुन्हा भरले, गर्दीही झाली. परंतु १९४५-४६ च्या मोसमानंतर पंचरंगी कायमची बंद पडली. १९३४ मध्ये सुरू झालेली रणजी स्पर्धा प्रांतांच्या पायावर उभी होती, तीच टिकली. हजारे यांच्याच नेतृत्वाखाली १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. पुण्याचे चंदू बोर्डे हेही मराठी ख्रिस्ती. १९६७ मध्ये अॅडलेडच्या कसोटीत त्यांनी भारताचे नेतृत्व केले. त्यांना ‘इतर’ म्हणून खेळावे लागले नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पंचरंगी वाईट आणि नंतरचे सर्व चांगले, असा निवाडा आम्ही देत नाही. त्या सामन्यांमुळेच अनेक समाजांतील मुलांना मैदान व मार्गदर्शन मिळाले. दोष होता तो याच्यात की, वाटा मिळविण्यासाठी प्रत्येकाला आधी आपल्या कप्प्यात जाऊन उभे राहावे लागे.

जमीन कोणाची?

आता पुन्हा पनवेलला येऊ. ‘‘मैदान आपलं’’ हे चिटणीसांचे शब्द आमच्या डोक्यात घोळत होते. मैदानाचे कागद आमच्या कपाटात आहेत. ते खरेच आहेत. परंतु कागदाच्या आधी तेथे काय होते?

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे, खाडीकाठची मासेमारी यांवर जगणारी ही गावे. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी प्राणास मुकले. त्या बलिदानानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. पनवेलची १८५२ सालची नगरपालिका २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. वसाहती वाढल्या, शाळा आल्या, देवळे, मशिदी व चर्चे आली. आम्हीही त्याच लाटेबरोबर आलो. आमच्या मैदानाच्या जागी पूर्वी भाताची खाचरे होती, असे जुनी माणसे सांगतात. त्या खाचरांत ज्यांच्या आजोबांनी आवणी केली, त्यांची नातवंडे प्रवेश-फी भरून आमच्या सामन्यांत खेळत होती, आणि ठरविताना त्यांना कोणी बोलावीत नव्हते.

हे ध्यानात आले तेव्हा आम्हाला लाज वाटली. मुंबईच्या मैदानावरील घोड्यांची गोष्ट आम्ही इतकी वर्षे अर्जदारांच्या बाजूने वाचीत आलो होतो. आता जिमखान्याच्या खुर्चीत आम्ही होतो.

चर्चची शिकवणही या प्रश्नी मुग्ध नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या विश्वपत्रात सांगितले आहे की, लहान घटक जे स्वतः करू शकतो ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेऊ नये. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती आवश्यक ठरविली. पैशांच्या बाबतीत धर्मगुरूने एकट्याने कारभार करू नये, हे आपण मान्य केले. चेंडूच्या बाबतीत मात्र करीत होतो.

दोन किल्ल्या

आठ दिवसांनी आठही संघांचे प्रतिनिधी आणि आमची क्रीडा समिती एकत्र बसली. काय ठरले ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक संघाचा एक प्रतिनिधी असलेली सामन्यांची संयुक्त समिती; अध्यक्षपद दरवर्षी पाळीपाळीने; हिशेब एका संघाच्या माणसाने लिहावयाचा आणि दुसऱ्याच्या माणसाने तपासावयाचा; पंच बाहेरून आणावयाचे. उपासनेच्या व अंत्यविधीच्या वेळी मैदान बंद राहील आणि इमारतींची जबाबदारी धर्मग्रामाची राहील, हे आम्ही स्पष्ट लिहून दिले. सत्ता वाटताना आपल्याकडे काय ठेवणार हे उघड सांगावे. अस्पष्ट औदार्यातून पुढे कडवटपणाच येतो. शेवटचा ठराव किल्लीचा. दुसरी किल्ली करून घ्यावयाची आणि ती त्या वर्षाच्या अध्यक्षाकडे द्यावयाची. चिटणीसांनी ठरावाविरुद्ध मत दिले आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन किल्ली त्यांनीच करून आणली. माणसे अशीही असतात.

सारे सुरळीत झाले असे म्हणू तर ते खोटे ठरेल. पहिल्याच वर्षी रोलर पावसात राहून गंजला. दुसऱ्या वर्षी हिशेबात काही शे रुपयांचा मेळ बसेना. दोन रात्री वह्या तपासल्यावर एकच पावती दोनदा लिहिल्याचे आढळले. ‘‘आम्ही सांगत होतो’’ असे म्हणणारे धर्मग्रामस्थ भेटले. पण पूर्वी एकट्या आमच्या समितीच्या वहीत चुका नव्हत्या असे नाही. त्या तपासणारा दुसरा कोणी नव्हता, एवढेच.

सर्वांत मोठी चूक झाली ती आमच्या हातून. सामने तोंडावर आले असताना एका परिचित कुटुंबाने लग्नसमारंभासाठी मैदान मागितले आणि आम्ही सवयीने होकार देऊन टाकला. मांडवाचे खांब रोवले गेले. संध्याकाळी त्या वर्षाचा अध्यक्ष आला. वाडीतील तोच मुलगा, आता मिसरूड फुटलेला. किल्ली त्याने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘‘फादर, विचारायचं नसेल तर ही तुमच्याकडेच असू द्या.’’ आवाज चढलेला नव्हता. आम्ही त्याची क्षमा मागितली, नंतर समितीसमोरही मागितली. समितीने लग्नाला परवानगी दिली आणि सामने आठवडाभर पुढे नेले. किल्ली त्याने परत घेतली. आमच्या इतक्या वर्षांच्या धर्मसेवेत सत्तेविषयी याहून मोलाचा धडा आम्हाला क्वचितच कोणी दिला असेल.

हे सर्व आज लिहावयाचे कारण वेगळेच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पनवेलहून लोकलने सहज पोहोचता येईल अशा नेरुळच्या मैदानावर, भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढल्या. त्यानंतर पंधरवड्याच्या आत आमच्या कार्यालयात पुन्हा काही मंडळी आली. या खेपेस मुली होत्या, धर्मग्रामातील काही, गावातील काही, वसाहतीतील काही. त्यांना आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदान हवे होते. आम्ही म्हणालो, ‘‘संयुक्त समितीकडे अर्ज द्या.’’ त्यांच्यापैकी एकीने विचारले, ‘‘समितीत मुली किती आहेत?’’

एकही नव्हती. आठ संघ, आठ गावे-वस्त्या, तीन धर्म. इतका काटेकोर वाटा केला आणि निम्मे जग ‘इतर’ राहिले, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. ज्यांना स्वतः एकदा बाहेर उभे राहावे लागले होते, त्यांच्याही नाही.

या वेळी आम्ही आपणहून निर्णय दिला नाही. अर्ज समितीपुढे ठेवला आणि इतकेच सुचविले की, त्यावर चर्चा होईल तेव्हा अर्जदार मुलींना दाराबाहेर बसवू नये, टेबलाशी बसवावे. बैठक पुढच्या रविवारी आहे. सध्या अध्यक्षपद मोहल्ल्याच्या संघाकडे आहे. किल्ली त्यांच्याकडे आहे. मैदानाची वेळ मुलींना मिळेल, याविषयी आम्हाला शंका नाही. समितीत त्यांना जागा मिळते की नाही, हे पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.